घरचा जमाखर्च

शाळेंतल्या अंकगणिताच्या पुस्तकांत सरळव्याज आणि चक्रवाढव्याज हीं दोन प्रकरणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत. मुलें तीं उदाहरणें सोडवितात, कित्येकांना पैकींच्या पैकीं गुण मिळतात, आणि परीक्षा संपली कीं पुस्तक मिटून जातें. अनेक वर्षें हा विषय शिकवितांना एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. वर्गांत ज्या मुलाचें उदाहरण कधीं चुकलें नाहीं, तोच पुढें मिळवता गृहस्थ झाला म्हणजे त्याच जातीचें उदाहरण घरांत चुकवितो. त्याची बुद्धि कांहीं कमी झालेली नसते. शाळेंत तो पाटी-पेन्सिल घेऊन बसे आणि घरांत तो मनांतल्या मनांत अजमास बांधतो, एवढाच काय तो फरक. सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबें पैशाच्या बाबतींत ज्या चुका करितात, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ येथें आहे. जो हिशेब कागदावर मांडावयाचा तो मांडलाच जात नाहीं. अशा कांहीं नित्याच्या चुका आज आपल्यापुढें ठेवण्याचा विचार आहे.

पहिली चूक वर्षाला महिन्याच्या मापानें मोजण्याची. पगार महिन्यानें येतो, म्हणून पगारदार मनुष्य विचारहि महिन्याचाच करितो. घरभाडें, किराणा, दूध, वीज, कामाच्या बाईंचा पगार हे आंकडे त्याला तोंडपाठ असतात. परंतु संसाराचा खर्च वर्षाचा असतो. जूनमध्यें मुलांची फी, वह्या-पुस्तकें आणि गणवेश, भाद्रपदांत गणपति, आश्विन-कार्तिकांत दिवाळी, पुढें लग्नसराई आणि तिच्यांतले आहेर, शिवाय विम्याचा हप्ता आणि घरपट्टी. यांतील एखादा खर्च उभा राहिला कीं घरोघरीं एकच उद्गार ऐकूं येतो, "या महिन्यांत अचानकच खर्च निघाला हो!" आतां गणपति कांहीं अचानक येत नाहींत. त्यांच्या आगमनाचा दिवस पंचांगांत आधींच छापलेला असतो. अचानक येतो तो केवळ आपल्याला आठव!

उपाय अगदीं सोपा आहे. गेल्या बारा महिन्यांतील अशा सर्व खर्चांची यादी करावी, बेरीज घ्यावी आणि तिला बारांनीं भागावें. समजा, बेरीज ७२,००० रुपये आली. म्हणजे दरमहा ६,००० रुपये या खर्चासाठीं बाजूला पडले पाहिजेत. ज्याच्या हातीं ४०,००० रुपये पगार येतो, त्याचा महिन्याचा खरा पगार ३४,००० च आहे. हें ज्याला ठाऊक नाहीं तो आपण दरमहा सहा हजारांनीं अधिक श्रीमंत आहों अशा समजुतींत राहतो, आणि त्या समजुतीची किंमत दिवाळींत उसनवारीनें चुकवितो. ऋण काढून सण करणाऱ्याला आपण हंसतों खरे, पण यादी न करणारा प्रत्येक गृहस्थ थोड्याफार प्रमाणांत तेंच करीत असतो.

व्यापारी मनुष्य दिवाळींत वहीची पूजा करितो आणि वर्षभर ती वही लिहितो. नोकरदाराच्या घरीं लक्ष्मीची पूजा होते, पण वही नसते. कोणी म्हणेल, "आतां वही कशाला? बँकेच्या उताऱ्यांत सर्व कांहीं लिहिलेलेंच असतें." २०१६ सालीं यूपीआय पद्धति सुरू झाली, आणि तेव्हांपासून भाजीवाल्याचे वीस रुपये देखील फोनवरून जाऊं लागले. त्यांची नोंद बँकेंत होते हें खरें. परंतु नोंद निराळी आणि हिशेब निराळा. पैसे कोणाला गेले हें उतारा सांगतो. कशासाठीं गेले आणि जावयास हवे होते कीं नव्हते, हें तो सांगत नाहीं. तें ठरविणें घरच्या माणसांचें काम आहे. शिवाय, नोट मोडतांना हात जो क्षणभर अडखळत असे, तो आतां अडखळत नाहीं. म्हणून वहीची गरज पूर्वींपेक्षां आज अधिक आहे.

दुसरी चूक शिल्लक टाकण्याची. "महिनाअखेर जें उरेल तें शिल्लक टाकूं," असा पुष्कळांचा संकल्प असतो. पण महिनाअखेर कांहीं उरत नाहीं, हा सर्वांचाच अनुभव आहे. खर्चाचा स्वभाव पाण्यासारखा आहे; जेवढी जागा मिळेल तेवढी तो व्यापतो. म्हणून क्रम उलटा केला पाहिजे. शिल्लक आधीं काढावी आणि जें उरेल त्यांत महिना चालवावा. भविष्यनिर्वाह निधीची सारी युक्ति एवढ्यांतच आहे. १९५२ च्या कायद्यान्वयें ज्यांच्या पगारांतून हा निधि कापला जातो, त्यांच्यांतले उधळ्या स्वभावाचे लोकहि निवृत्तीच्या वेळीं कांहीं पुंजी घेऊन घरीं येतात. कारण तो पैसा त्यांच्या हातीं पडलेलाच नसतो. ज्याला अशी सक्तीची कपात नाहीं, त्यानें ती स्वतःवर लादून घ्यावी. १९६८ सालीं सुरू झालेला सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधि सर्वांना खुला आहे, आणि पोस्टाची बचत बँक तर १८८२ पासून या देशांत चालू आहे. साधनांची वाण मुळींच नाहीं.

येथें चक्रवाढीचें उदाहरण एकदां कागदावर करून पाहावें. कोणी एकानें दरमहा १,००० रुपये ठेविले आणि त्यांवर सालीना शेंकडा ७ प्रमाणें दरमहा चक्रवाढ होत गेली, तर दहा वर्षांनीं सुमारें १,७३,००० रुपये जमतात. हाच क्रम वीस वर्षें चालविला तर किती व्हावेत? मनांत अजमास करणारा म्हणेल, दुप्पट, साडेतीन लाख. प्रत्यक्षांत ते सुमारें ५,२०,००० होतात, म्हणजे तिप्पट. ही तिसरी पट पगारवाढीनें आलेली नाहीं, ती केवळ काळानें दिली. म्हणूनच पंचविसाव्या वर्षीं "आतांच काय घाई आहे?" असें म्हणणारा तरुण आपल्या हातांतली सर्वांत मोलाची वस्तु टाकून देत असतो. पन्नाशींत तो दरमहा अधिक पैसे टाकूं शकेल, पण गेलेलीं वर्षें टाकूं शकणार नाहीं.

तिसरी चूक याच गणिताच्या उलट्या बाजूची, ती कर्जाची. जें चक्रवाढव्याज शिल्लक टाकणाऱ्याची चाकरी करितें, तेंच कर्जदाराच्या मानेवर बसतें. येथें दोन उदाहरणें देतों.

एक गृहस्थ १२,००० रुपयांची वस्तु हप्त्यांनीं घेतात. दुकानदार सांगतो, "व्याज अवघें शेंकडा १२, मुदत एक वर्ष." १२,००० चें एका वर्षाचें व्याज १,४४०, एकूण १३,४४०, दरमहा हप्ता १,१२०. गुणाकार-भागाकार बरोबर आहे, म्हणून गृहस्थ सही करितात. पण पूर्ण १२,००० रुपये त्यांच्याकडे वर्षभर राहिले कोठें? पहिल्या महिन्यांत बारा हजार, दुसऱ्यांत सुमारें अकरा, आणि शेवटच्या महिन्यांत अवघा एक हजार. सरासरीनें त्यांनीं सुमारें साडेसहा हजार रुपयेच वापरले, आणि व्याज भरलें तें मात्र बारा हजारांवर. याचा अर्थ खरा दर शेंकडा २१ च्याहि वर जातो. सातवीचा हुशार मुलगा हें उदाहरण फळ्यावर करून दाखवील. परंतु दुकानांत तो फळा नसतो.

दुसरें उदाहरण क्रेडिट कार्डाचें. ज्या कार्डावर थकलेल्या रकमेला दरमहा शेंकडा साडेतीन व्याज लागतें, त्यावरचें देणें कांहींच न भरल्यास सुमारें वीस महिन्यांत दुप्पट होतें. कोणी म्हणतात, "आम्ही किमान रक्कम नियमितपणें भरतों." समजा, देणें १०,००० आहे आणि किमान रक्कम ५०० रुपये आहे. त्या ५०० पैकीं ३५० व्याजांत जातात आणि कर्ज अवघ्या १५० रुपयांनीं उतरतें. शिवाय मागची बाकी राहिली, कीं नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतहि बहुधा बंद होते. महिन्याचें पुरें बिल महिन्यांत भरणाऱ्याला कार्ड सोयीचें आहे. ज्याला तें जमत नाहीं, त्याच्यापाशीं तें कार्ड नसावें, हेंच बरें.

येथें आपल्याच प्रांताचा थोडा इतिहास आठवण्याजोगा आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो आसपासच्या मुलखांत पसरला. त्या लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ठिकठिकाणीं त्यांनीं ते हिसकावून जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यांत काय लिहिलें आहे, हें निरक्षर शेतकऱ्याला वाचतां येत नव्हतें. पुढें चौकशी झाली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. हिंदु धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक व्याज सावकाराला वसूल करतां येत नसे, आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो नियम मानीत. आजच्या कार्डाच्या कर्जाला तसलें कुंपण नाहीं. आणि आपण तर पदवीधर! फोनवर दहा पानांच्या अटी येतात आणि त्यांच्याखालीं "मान्य आहे" असें बटण असतें. एकहि ओळ न वाचतां आपण तें दाबतों. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचतां येत नव्हतें. आपल्याला येतें आणि आपण वाचीत नाहीं. त्याची कींव करण्याचा अधिकार आपल्याला किती पोहोंचतो, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

चौथी चूक लोभाची. लोभाची परीक्षा करण्यासाठीं एक सोपें कोष्टक आहे. ७२ ला व्याजाच्या दरानें भागावें. जो भागाकार येईल तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. दर शेंकडा ६ असेल तर बारा वर्षें, ८ असेल तर नऊ वर्षें. आतां कोणी दोन वर्षांत दुप्पट करून देतों म्हणाला, तर तो सालीना शेंकडा छत्तीसाच्या आसपास देऊं करितो आहे. एवढें व्याज सचोटीनें मिळवून देणारा धंदा त्याच्यापाशीं असता, तर बँकेकडून याहून कितीतरी स्वस्त कर्ज काढून तो त्यानें स्वतःच वाढविला नसता काय? आपल्या दाराशीं येण्याचें त्याला कारण काय?

१९२० सालीं अमेरिकेंतल्या बोस्टन शहरीं चार्ल्स पाँझी नांवाच्या माणसानें पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफ्याचें आमिष दाखविलें. प्रारंभीं लोकांना पैसे मिळालेहि. कारण नव्यांचें मुद्दल तो जुन्यांना नफा म्हणून वांटीत होता. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें तो डोलारा कोसळला. आपल्याकडे या प्रकारांना आळा घालण्यासाठीं १९७८ चा, महाराष्ट्रापुरता १९९९ चा आणि पुन्हां २०१९ चा असे कायदे झाले आहेत. एकामागून एक कायदे करावे लागतात, यावरूनच रोग किती चिवट आहे हें दिसतें. कायदा बहुधा पैसे बुडाल्यावर धांवून येतो. कोष्टक आधीं येऊं शकतें.

सचोटीच्या ठिकाणींहि सारी पुंजी एकत्र ठेवणें शहाणपणाचें नव्हे. पुण्यांतील रुपी सहकारी बँक १९१२ पासूनची जुनी संस्था. तिच्यावर २०१३ सालीं रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले आणि २०२२ सालीं तिचा परवाना रद्द झाला. मधलीं वर्षें अनेक वृद्ध ठेवीदारांनीं कशीं काढलीं असतील याची कल्पना करावी. बँकेंतील ठेवींना विम्याचें संरक्षण आहे. १९६२ सालीं त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. २०२० सालीं ती ५ लाख रुपये झाली. ही मर्यादा एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील मुद्दल व व्याज मिळून आहे. पतसंस्थांतील ठेवींना हें संरक्षण नाहीं. दोन्हींच्या दारांवरच्या पाट्या दिसावयास सारख्याच दिसतात, म्हणून हा भेद प्रत्येक घरांत ठाऊक असला पाहिजे.

पांचवी चूक भिडेची, म्हणजे जामीन राहण्याची. नोकरदारांच्या पतसंस्थेंत कर्ज घ्यावयाचें तर बहुधा दोन सहकारी जामीन लागतात. मधल्या सुटींत कोणी अर्ज पुढें करितो, "अहो, नुसती सही हवी," म्हणून सांगतो, आणि नाहीं म्हणणें जड जातें. १८७२ च्या करार कायद्याचें १२८ वें कलम सांगतें कीं, उलट करार नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. माझे एक सहकारी असेच एका मित्राला जामीन राहिले. मित्रानें हप्ते थकविले. मग यांच्या पगारांतून तीन वर्षें कपात चालली. त्याच वर्षांत यांच्या मुलीचें महाविद्यालयीन शिक्षण होतें, आणि तें वसतिगृहांत राहून व्हावयाचें होतें तें गांवींच उरकावें लागलें. सहीच्या वेळीं त्या मुलीला कोणी विचारलें नव्हतें. मित्राला साहाय्य करूं नये असें मी म्हणत नाहीं. जेवढी रक्कम परत न आली तरी आपलें घर हालणार नाहीं, तेवढी उघडपणें हातीं द्यावी. आणि जेथें तेवढी ऐपत नाहीं, तेथें जामीनहि राहूं नये.

शेवटची चूक सर्वांत अधिक दुःख देणारी आहे, आणि ती चांगल्या, कर्तबगार माणसांकडून होते. घरचा सर्व हिशेब एकट्याच्या डोक्यांत ठेवणें, ही ती चूक. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची पत्नी पतीच्या निधनानंतर पंधरा दिवसांनीं कागदांची एक पिशवी घेऊन आमच्या घरीं आली. म्हणाली, "गुरुजी, ह्यांनीं कधीं एका पैशाची वाण भासूं दिली नाहीं. पण कोठें काय ठेविलें आहे, तें मला ठाऊक नाहीं." तो गृहस्थ खरोखरच व्यवस्थित होता. विमा होता, ठेवी होत्या, पण एक विमापत्र लग्नापूर्वींचें, त्यावर नांव त्याच्या दिवंगत आईचें. दोन ठेवींवर नामनिर्देश नव्हताच. आणि फोनचा संकेतशब्द त्याच्याबरोबरच गेला. बाई शिकलेल्या, स्वतः नोकरी करणाऱ्या. तरीहि तो गुंता सुटावयास वर्ष लागलें, आणि तें वर्ष त्यांनीं माहेरच्या आधारावर काढलें. पैसा घरांतच होता, पण तो कोठें आहे हें घराला ठाऊक नव्हतें.

अशीं घरें थोडीं नाहींत. दहा वर्षें कोणी न विचारलेल्या बँकठेवी ज्या निधींत जमा होतात, तो निधि रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं स्थापन केला. आणि अशा ठेवींचा शोध घेतां यावा म्हणून २०२३ सालीं "उद्गम" नांवाचें संकेतस्थळहि उघडलें. ज्यांचे आईवडील वारले आहेत त्यांनीं तेथें एकदां अवश्य शोध घ्यावा. नामनिर्देशाविषयीं एक गैरसमजहि दूर केला पाहिजे. ज्याचें नांव लिहिलें तो बहुधा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. अखेरचा हक्क वारसाच्या कायद्यानें किंवा मृत्युपत्रानें ठरतो. म्हणून दोन्ही गोष्टी कराव्या. आणि विवाहित पुरुषानें विमा उतरवितांना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याची माहिती करून घ्यावी. त्या कायद्यान्वयें पत्नी आणि मुलें यांच्यासाठीं घेतलेलें विमापत्र पतीच्या सावकारांच्या हातीं सांपडत नाहीं.

श्रोतेहो, उपदेश पुष्कळ झाला. आतां काम सांगतों. येत्या रविवारीं एक दोनशें पानी वही घ्यावी आणि पति-पत्नींनीं तासभर एकत्र बसावें. पहिल्या पानावर वर्षाचे खर्च लिहावे आणि बेरजेला बारांनीं भागावें. दुसऱ्या पानावर सर्व देणीं, आणि प्रत्येकापुढें त्याचा खरा दर लिहावा. ज्याचा दर सर्वांत अधिक तें देणें आधीं फेडावें. तिसऱ्या पानावर कोठें किती ठेविलें आहे, आणि त्यापुढें कोणाचें नांव आहे, तें लिहावें. चौथ्या पानावर आपण कोणाकोणाला जामीन आहों तें लिहावें. घरांत आठवी-नववींतला मुलगा किंवा मुलगी असेल तर बेरजा त्यांच्याकडून करून घ्याव्या. घरचे आंकडे मुलांना कळूं देऊं नयेत असा कित्येकांचा आग्रह असतो. पण ज्या मुलाला घरची मिळकत ठाऊक असते तें दुकानासमोर हट्ट कमी करितें, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. शिवाय शाळेंत शिकलेल्या व्याजाचा उपयोग त्याला तेथेंच कळतो.

कदाचित् पहिल्या रविवारीं थोडा वाद होईल. एखादें लपविलेलें कर्ज बाहेर येईल, एखादी न विचारतां केलेली खरेदीहि निघेल. तरी वही मिटूं नये. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती पुन्हां उघडावी. दोन-चार महिन्यांत वाद ओसरतो आणि आंकडे उरतात. आणि आंकड्यांवर दोघांचें एकमत होण्यास फारसा वेळ लागत नाहीं. त्या चार पानांची एक नक्कल मात्र घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला सांपडेल अशा जागीं ठेवावी.